कडी लावण्याआधी

गेल्या महिन्यात माझी मुलगी शाळेतून आली ती डब्याच्या पिशवीत मांजराचं पिल्लू घेऊन. राखाडी रंग, डोळ्यांत चिपडं, आवाज मात्र खणखणीत. "अब्बा, ठेवू या ना!" मी लगेच नाही म्हटलं. कोंढव्यातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, घरभर केस, खर्च, सुट्टीत गावाला गेलो तर बघणार कोण, अशी कारणंही भराभर दिली. कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण त्यात नव्हतं. ते चौतीस वर्षं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

१९९१ साली मी अकरा वर्षांचा होतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी चांदी नावाची मांजर होती. नावाला घरची, खरी दादीची. शेजारच्या काकूंकडे तिचं नाव मनी होतं आणि ती दोन्ही नावांना ओ द्यायची. दादी फजरच्या नमाजला उठली की चांदी तिच्या मागे मोरीपर्यंत जायची. वजू करून झालं की दादी लोट्यातलं उरलेलं पाणी एका फुटक्या वाडग्यात ओतायची. दादी जानमाजवर बसली की ही शेजारी पाय पोटाशी घेऊन बसायची. सजद्याच्या जागेवर येऊन बसली, तर दादी तिला हलकेच बाजूला सरकवायची. रागवायची नाही.

त्या वर्षी मामूंचं लग्न कोल्हापूरला होतं. शुक्रवारी सकाळी निघायचं आणि रविवारी परत यायचं. निघण्याच्या गडबडीत मी चांदीची शेपटी ओढली आणि तिने मला बोचकारलं. लग्नासाठी शिवलेल्या नव्या शर्टाच्या बाहीवर रक्ताचा डाग पडला. रागाच्या भरात मी तिला उचललं, धान्याच्या खोलीत टाकलं आणि बाहेरून कडी लावली. पाच मिनिटांनी काढायची असं ठरवलं होतं. तेवढ्यात दारात जीप आली, सगळ्यांनी हाका मारल्या आणि मी पळालो.

इथपर्यंत सगळं पोरवय म्हणून सोडून देता येईल. पुढचं येत नाही. शनिवारी दुपारी दस्तरखानावर बसलो असताना मला ती आठवली. घास घशात अडकला. समोर अब्बा बसले होते. सांगितलं असतं तर त्यांनी कुणाला तरी गावाकडे पाठवलं असतं, निदान काकूंना निरोप तरी गेला असता. मी गप्प राहिलो. मार बसेल, लग्नात सगळ्यांसमोर बसेल, एवढंच डोक्यात होतं. मी पुढचा घास घेतला. तो घास मला आजही आठवतो.

रविवारी मगरिबनंतर घरी पोहोचलो. दार उघडताच दादीने कानोसा घेतला आणि तडक धान्याच्या खोलीकडे गेली. कडी काढली. चांदी बाहेर आली ती धावत नाही, सावकाश. तिचा आवाज बसला होता. दादीने पाणी ठेवलं. ती पीतच राहिली. कंदील आत नेला तेव्हा दाराच्या खालच्या फळीवर नखांचे ओरखडे दिसले. तिच्या पुढच्या पंजाची दोन नखं मुळापासून तुटली होती.

"दरवाजा किसने लगाया?" दादीने विचारलं.

"हवेने लागला असेल," मी म्हणालो.

दादीने माझ्याकडे बघितलं. "कडी हवा से लगती क्या रे?"

बस. अब्बांना तिने काही सांगितलं नाही. रात्री इशानंतर अंथरुणावर पडल्या पडल्या, माझ्याकडे न बघता, तिने एका बाईची गोष्ट सांगितली. त्या बाईने मांजर कोंडून ठेवलं. खायला-प्यायला दिलं नाही आणि जमिनीवरचे किडे-मुंग्या खाऊन जगायला मोकळंही सोडलं नाही. मांजर मेलं, आणि त्यापायी ती बाई जहन्नमची धनी झाली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, हे मला पुढे कळलं. त्या रात्री एवढंच कळलं की ही गोष्ट माझी आहे.

चांदी जगली, पण पुन्हा कधी माझ्या मांडीवर आली नाही. मी बसलो की ती हातभर अंतर ठेवून बसायची. पुढची सहा वर्षं ते हातभर अंतर तसंच राहिलं. १९९७ मध्ये दादी वारली. त्यानंतर वजूचं उरलेलं पाणी फुटक्या वाडग्यात ओतायचं काम मी घेतलं. चांदी यायची, मी चार पावलं मागे सरकायचो, मग ती प्यायची. पुढच्या पावसाळ्यात ती कुठेतरी निघून गेली. मांजरं जातात तशी.

मोठा झाल्यावर वाचनात आणखी एक हदीस आली. हजरत अबू कतादा (रजि.) सुनेकडे, कबशा यांच्याकडे, गेले होते. त्यांनी वजूसाठी पाणी ठेवलं तर मांजर आलं. अबू कतादांनी भांडं तिरकं धरलं आणि मांजराला पोटभर पिऊ दिलं. सून चकित होऊन बघू लागली. तेव्हा त्यांनी प्रेषितांचं (स.) म्हणणं सांगितलं, की मांजर नापाक नाही, ते तुमच्या आसपास वावरणाऱ्यांपैकी आहे. 'वावरणारे' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रेषितांच्या झग्यावर झोपलेल्या मांजराची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. हदीसच्या प्रमुख संग्रहांत ती सापडत नाही. पण भांडं तिरकं धरणं मला त्याहून मोठं वाटतं. त्यात लाड नाहीत. त्यात हक्क आहे, तहानलेल्याचा पाण्यावरचा हक्क.

दादी हदीसची पुस्तकं वाचत नव्हती, तिला वाचताच येत नव्हतं. पण रोज सकाळी तिचा लोटा तिरका व्हायचा.

मुलीला नाही म्हटलं त्या रात्री हे सगळं आठवत होतं. गावात मांजराला दोन वाटा होत्या. आपण घास दिला तर ठीक, नाही तर अंगण आहे, उंदीर आहेत, शेजारच्या काकू आहेत. चौथ्या मजल्यावर दुसरी वाट आपण बंद करतो. म्हणजे पहिली पूर्णपणे आपल्यावर आली. फ्लॅटमध्ये मांजर ठेवणं म्हणजे प्रेमाने का होईना, कडी लावणंच. मग खाणं, पाणी, दुखणं-खुपणं, सगळ्याचा जाब आपल्यालाच द्यायचा.

सकाळी मी मुलीला चांदीची गोष्ट सांगितली, दस्तरखानावरच्या त्या घासासकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिने तुम्हाला माफ केलं का, अब्बा?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

"मग हिला नीट सांभाळू या."

पिल्लू राहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, दूध नको, बऱ्याच मांजरांना ते पचत नाही. कांदा-लसूण विषासारखा, म्हणून सालनातलं मटण द्यायचं नाही, बिनमसाल्याचं उकडलेलं द्यायचं. शिजलेलं हाडही नको. तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस, पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी. बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी होतीच, आता खिडक्यांनाही लावली. पाण्याची भांडी दोन ठेवली.

आणि एक नियम माझ्यापुरता. घराबाहेर पडताना मी प्रत्येक खोलीत डोकावतो. कपाट उघडून बघतो, बाथरूम बघतो, पलंगाखाली वाकून बघतो. बायको लिफ्टपाशी ताटकळते, मुलगी हसते. पिल्लू दिसलं की मगच कुलूप लावतो. कुलूप लावल्यावर कडी एकदा ओढून बघायची माझी जुनी सवय आहे. हल्ली ती ओढताना हात क्षणभर थांबतो. मग पुन्हा कुलूप काढून आत डोकावून येतो.