पितृपक्षातली चतुर्थी

८ सप्टेंबर, सोमवार, सातारा

आजपासून पितृपक्ष. नववीच्या तासाला ‘पितृ’ शब्द घेतला. पिता पितरौ पितरः, मुलं एका ठेक्यात म्हणत होती. बहुतेकांनी संस्कृत पैकीच्या पैकी गुणांसाठी घेतलंय. त्यात गैर काही नाही, पण त्या ठेक्यात अर्थ वाहून जातो, त्याचं मला वाईट वाटतं.

चतुर्थीच्या बहुवचनापाशी मुलांना थांबवलं. फळ्यावर ‘पितृभ्यः’ आणि शेजारी लॅटिन रूप ‘पात्रिबुस’ लिहिलं. अर्थ एकच, पितरांना. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, ‘भ्यः’ आणि ‘बुस’ सारखेच लागतात कानाला.” दोन्ही एकाच जुन्या प्रत्ययातून आलेत, हे सांगताना मलाच नवा आनंद झाला. आणखी एक गंमत दाखवली. संस्कृतात या शब्दाची चतुर्थी आणि पंचमी बहुवचनात एकच, लॅटिनमध्येही तसंच.

९ सप्टेंबर, मंगळवार

“बाई, रोमनांनी आपल्याकडून घेतलं का?” असा प्रश्न आला. नाही, संस्कृत आणि लॅटिन ही चुलत भावंडं. दोघांचं मूळ घर एक, असं समजावलं. मग थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगितली. मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारा हा इंग्रज जेझुइट. १५८३ साली गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं नोंदवलं. विल्यम जोन्सचं या नात्याबद्दलचं कलकत्त्यातलं प्रसिद्ध भाषण १७८६चं, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचं.

तास संपताना तारखेकडे बोट दाखवलं. सप्टेंबरात सप्तन्, ऑक्टोबरात अष्टन्, नोव्हेंबरात नवन्, डिसेंबरात दशन्. मग सप्टेंबर नववा कसा? रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून. मुलं बोटांवर महिने मोजत बाहेर पडली.

११ सप्टेंबर, गुरुवार

एका मुलाच्या घरी काल आजोबांचं श्राद्ध होतं. “रोमन लोक घालायचे का पान?” त्याने विचारलं. आजचा तास मग त्यावरच घेतला. १३ ते २१ फेब्रुवारी हे त्यांचे पितरांचे दिवस, पारेन्तालिया. थडग्यापाशी हार, धान्य, चिमूटभर मीठ, द्राक्षाच्या मद्यात भिजवलेली भाकरी ठेवायची. त्या दिवसांत देवळं बंद, लग्नं नाहीत. “आपल्यासारखंच!” दोघं-तिघं एकदम म्हणाले. २२ तारखेला हयात असलेले नातेवाईक एकत्र जेवत, हे त्यांना सगळ्यांत आवडलं.

१४ सप्टेंबर, रविवार

एसटीने कोल्हापूर. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीला सापडलेल्या छोट्या कांस्यमूर्तीपुढे मुलांना उभं केलं. ग्रीकांचा पोसायडन, रोमनांचा नेपच्यून, समुद्राचा देव. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराची ही खूण. १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी ब्रह्मपुरीच्या टेकाडाचं उत्खनन केलं.

“समुद्र कुठे, पंचगंगा कुठे!” एक मुलगी पुटपुटली. बंदरापासून घाट चढून आला असेल, बैलांच्या पाठीवर किंवा कुणाच्या पडशीत. परतीच्या वाटेवर मुलं त्या प्रवासाबद्दलच बोलत होती. पुस्तकातलं रोम आज त्यांना आपल्या नदीकाठी भेटलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. भाऊ तर्पणाला बसला, मी पान वाढत होते. गुरुजींच्या तोंडून ‘पितृभ्यः’ ऐकलं आणि हातातली पळी थांबली. लहानपणी अजिंक्यताऱ्याच्या चढणीवर वडील माझ्याकडून हीच रूपं म्हणून घेत. दम लागला, तरी बहुवचनापर्यंत जायचंच, असा त्यांचा नियम.

चतुर्थी देण्याची, पंचमी जिथून मिळालं त्याची. पितरांना आणि पितरांकडून, दोन्हींना शब्द एकच. इथेही, तिकडे रोममध्येही. उद्या वर्गात हे सांगायचं.