अर्धा इंच

कोपर काटकोनात दुमडायचं, दस्त्याची मागची कड कोपराच्या खोबणीत टेकवायची आणि बोट चापावर सहज पोचतं का ते बघायचं. रायफल आपल्या मापाची आहे की नाही, हे ताडायची ही जुनी ढोबळ रीत. आमच्या घरातली रायफल या रीतीने तीन पिढ्यांत तीनदा मोजली गेली आणि दर वेळी माप जुळलंच असं नाही. लोखंड तेच राहिलं. लाकूड माणसासाठी बदलावं लागलं.

ती आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, सिकंदराबादला एका निवृत्त फौजी अंमलदाराकडून घेतली. पहिला परवाना उर्दूत आहे. त्यावर फसली १३४९ आणि खुर्दाद महिना. इंग्रजी हिशेबाने १९४० चा उन्हाळा. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात, परभणी जिल्ह्यातला एक तालुका. हैदराबाद कंटिंजंटची इथली छावणी १९०३ मध्ये उठली, पण जाताना ती आसपासच्या वतनदार घरांना बंदुकीचा नाद लावून गेली, असं आबा म्हणत. मला वाटतं नाद आधीचाच असणार. छावणीच्या माथी मारायला सोपा, एवढंच.

नळीवर नाव लंडनच्या रिग्बी कंपनीचं. आतली यंत्रणा मात्र जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या माउझर कारखान्याची. रिग्बी हे एके काळी माउझरचे इंग्लंडमधले प्रतिनिधी. यंत्रणा तिकडून आणायची, तिच्यावर आपली नळी, आपली माशी, आपला अक्रोडाचा दस्ता चढवायचा आणि शिकाऱ्यांना विकायची, असा त्यांचा धंदा. काडतूस पॉइंट २७५ चं. हे म्हणजे मुळात माउझरचंच सात मिलिमीटरचं काडतूस. बोअर युद्धात याच काडतुसाने इंग्रजांना जेरीस आणलं होतं. पुढे लंडनच्या बंदूकवाल्यांनी तेच इंचाच्या मापात बसवून साहेबलोकांना खपवलं. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना सरकारी बक्षीस म्हणून मिळालेली रायफल याच जातीची. तिच्या दस्त्यावर तसा पत्रा ठोकलेला आहे, आणि २०१६ मध्ये ती कुमाऊँला पुन्हा आणून लोकांना दाखवली गेली. आमचीवर पत्रा नाही. कुणी बक्षीस द्यावं असं काही आमच्या घरात घडलं नाही.

माउझरचं खरं कसब बोल्टमध्ये. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला रायफल उघडायला शिकवली ती ओट्यावर जुनं धोतर अंथरून. बोल्ट बाहेर काढला की त्याच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम दात दिसतात. बार उडताना सगळा दाब ते झेलतात. मागे तिसरा दात आहे. तो एरवी कामाला येत नाही, पुढचे दोन दगा देतील तेव्हासाठी राखलेला. बोल्टच्या अंगाला लांब पोलादी पंजा असतो. काडतूस पेटीतून वर सरकतं तसा हा पंजा त्याच्या बुडाची कड पकडतो आणि रिकामं टरफल बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. त्यामुळे रायफल उलटी धरून बोल्ट ओढला तरी काडतूस अडकत नाही. अंगावर येणाऱ्या जनावरापुढे माणसाचे हात कसे चालतात, हे ज्याने ओळखलं त्याचं हे काम. बोल्टमध्ये दोन भोकंही आहेत. काडतूस फुटलंच तर धूर नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांकडे न जाता खाली पेटीत उतरावा म्हणून. पॉल माउझरने ही यंत्रणा १८९८ मध्ये जर्मन सैन्याला दिली. पुढे १९०१ मध्ये दुसऱ्याच एका स्वयंचलित रायफलीची चाचणी घेताना त्याचा स्वतःचा एक डोळा गेला.

शिकारीच्या बोल्ट रायफली त्यानंतर जगभर निघाल्या, पण बहुतेकींच्या पोटात थोडाफार माउझर आहेच. अमेरिकेने आपल्या १९०३ च्या स्प्रिंगफील्डसाठी माउझरला रीतसर दोन लाख डॉलर मोजले.

रझाकारांच्या धामधुमीत ही रायफल पेवात होती. एरंडेल चोपडून, गोणपाटात गुंडाळून, वर ज्वारी. पेवाची ओल लोखंडाला मानवली नाही. बोल्टच्या दांडीवर बारीक खड्डे पडले ते अजून आहेत. पोलीस ॲक्शननंतर ती सरकारजमा झाली आणि काही वर्षांनी नव्या परवान्यावर परत आली. तोवर आबा थकले होते.

आबा सहा फुटी. अण्णा आजीच्या वळणावर गेलेले, बुटके, आखूड हातांचे. त्यांना चाप गाठायला खांदा पुढे काढावा लागे. हैदराबादला आबिद रोडच्या बाजूला एक कारागीर होता. तो नळीला, बोल्टला हात लावायच्या आधी परवाना मागायचा आणि दिवसभर बोलायचा नाही. त्याने दस्त्याचा अर्धा इंच कापला, पोलादी टाच पुन्हा बसवली, तासलेल्या जागी जवसाचं तेल इतकं मुरवलं की जोड सापडत नाही. कापलेला तुकडा अण्णा घरी घेऊन आले. आजीने तो देव्हाऱ्याच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवला.

अण्णांना दुर्बीणही बसवायची होती. कारागिराने नाही म्हटलं. दुर्बिणीसाठी यंत्रणेच्या पोलादात भोकं पाडावी लागतात. शिवाय माउझरचा सुरक्षेचा खटका वरच्या बाजूला उभा राहतो, दुर्बिणीला आडवा येतो, म्हणजे तोही बदलायचा. परदेशात लष्करी माउझर घेऊन तिचं लाकूड तासणं, नवी नळी, नवा चाप, खटका, सगळंच पालटणं हा लोकांचा छंद आहे. आपल्याकडे शस्त्र कायद्याने हे परवानाधारक कारागिराचंच काम, आणि असा कारागीर मुळात दुर्मीळ. अण्णा चिडले. मला त्या कारागिराचं पटतं.

दस्ता मापाचा झाला आणि शिकारच गेली. १९७२. आमच्याकडे ते साल दुष्काळाचं म्हणूनच सांगतात. त्याच सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. कयाधूच्या काठची हरणं कायद्याच्या आधी दुष्काळानेच विरळ केली होती. अण्णांनी त्यानंतर जनावरावर बार टाकला नाही. तत्त्व म्हणून नव्हे. घाबरत असत.

मग रायफलीचं आयुष्य कागदांवर सुरू झालं. नूतनीकरण, फी, पंचनामा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा, निकाल लागला की पावती दाखवून परत. जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा, मधली एखादी पोटनिवडणूक. एकदा ठाण्यातून आली तेव्हा नळीत तांबूस पूड होती. अण्णा कळकट चिंध्या दोरीला बांधून दोन दिवस ती ओढत बसले होते. त्या दोन दिवसांत जेवणाखेरीज ते कुणाशी बोलले नाहीत.

ते गेल्यावर परवाना वारसाहक्काने माझ्या नावावर आला. कचेरीत घरात पुरुष माणूस नाही का, असं विचारलं गेलं. आहे, माझा भाऊ पुण्यात आहे आणि त्याला रायफलीपेक्षा पार्किंगची जागा हवी आहे, असं मी सांगितलं.

आता खरी अडचण काडतुसांची. खडकीच्या कारखान्यातली बारा बोरची शक्तिमान काडतुसं मिळतात. पॉइंट २७५ इथे बनत नाही. डब्यात उरलेली आबांच्या काळातली, त्यांचा भरवसा काय. शेजारचे पाटील दर रब्बीत येतात. रानडुकरांनी हरभरा लोळवलेला असतो. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकराला आणि रोह्याला मारायला वनखात्याची लेखी परवानगी मिळू शकते, हे त्यांना ठाऊक आहे. “ताई, इतकी भारी बंदूक घरात, अन् आम्ही सुतळी बॉम्ब लावत बसावं का?” ते विचारतात. मी त्यांना काडतुसं दाखवते. ते जागलीला परत जातात, बांधाला जुन्या साड्या बांधतात.

२०१९ मध्ये मात्र त्यांनी वेगळ्या कारणासाठी विचारलं. टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ हिंगोली जिल्ह्यातून पुढे गेला. वर्षअखेरीस तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला तेव्हा तेराशे किलोमीटर चालला होता. त्या दिवसांत रायफल पाहायला लोक ओट्यावर येत. ती वाघावर चालवायची नाही, हे त्यांनाही माहीत होतं. बोल्ट मागेपुढे करून दाखवला की जरा धीर धरून घरी जात.

दस्ता मला चांगला बसतो, अण्णांचेच हात माझ्याकडे आलेत. पुढचा वारस म्हणून मी भाचीचं नाव मनात धरलं आहे. ती रायफल क्लबात जाते आणि तिला बोल्ट उघडता येतो. पण परवान्यासाठी एकविसावं पूर्ण व्हावं लागतं, त्याला अजून वेळ आहे. शिवाय ती आबांसारखी उंच निघाली. तिला तो अर्धा इंच परत जोडावा लागेल, आणि हैदराबादच्या त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात.