पायाखालचा डबा

यंदाच्या प्रायश्चित्तकाळात आम्ही, म्हणजे बेळगावच्या आमच्या धर्मग्रामातला गायकवृंद आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातली मोठी मुले, गिटारचे फझ पेडल घरीच बनवले. या दिवसांत मिस्सेत वाद्ये गायनाला आधार देण्यापुरतीच वाजतात, त्यामुळे हात मोकळे होते. तयारी ईस्टरची.

फझ म्हणजे गिटारचा सूर मुद्दाम घोगरा करणे. एक आजी म्हणाल्या, "बाळांनो, देवाच्या घरात हे गुरगुरणं कशाला?" प्रश्न रास्त होता. पण या आवाजाची जन्मकथा आम्हाला फार आवडते. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचे नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रात बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी मग तोच बिघाड हवा तेव्हा घडवणारे यंत्र रचले. १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने बाजारात आले. बांधणाऱ्यांना नापसंत झालेल्या दगडाचे स्तोत्र आपण ईस्टरलाच म्हणतो, नाही का?

आमची जुळणी १९६६ च्या 'फझ फेस'वरून: दोन ट्रान्झिस्टर, मोजके सुटे भाग, नऊ व्होल्टची बॅटरी. डाग देण्याचे काम मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या एका मुलाने केले. वर्षभर तो मिस्सेच्या वेळी फाटकाबाहेर दुचाकीवर बसून असायचा. आम्ही त्याला आत ये म्हटले नाही. एवढे डाग देऊन दे, म्हटले.

खरा वाद रंगवताना झाला. अॅल्युमिनियमचा डबा पॉलिशपेपरने घासून, प्रायमर मारून तयार होता. कोणी म्हणाले क्रूस काढू, कोणी म्हणाले कबूतर. तेव्हा तोच मुलगा हळूच म्हणाला, "पण सर, यावर पाय द्यायचाय." सगळे गप्प. शेवटी १५० व्या स्तोत्रातली झांज काढायचे ठरले, तीही कडेला, बटणापासून दूर. वर लॅकरचे तीन हात.

ईस्टरच्या रात्री तो अॅम्प्लिफायरजवळ उभा होता, खिशात जास्तीची बॅटरी घेऊन. आजी तिसऱ्या बाकावर होत्या. निघताना त्या त्याला एवढेच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी आवाज जरा कमी ठेव रे."