दोन टाक्या, एक खटका



तुझ्या पिकअपचा फोटो पाहिला आणि आधी हसूच आलं. पुण्यात तुला सायकलला हवा भरायचा कंटाळा, आणि तिथे टेक्सासात तू एवढं धूड विकत घेऊन बसलीस! तेही 1987 सालचं. आमच्या दिल्लीत इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला रस्त्यावर बंदी आहे, त्यामुळे तुझी ही लाडकी इथे केव्हाच भंगारात गेली असती. आणि तू लिहितेस काय, तर ‘डॅशबोर्डवर पुढची टाकी-मागची टाकी असा खटका आहे, तो दाबला की आत काय होतं, ते तुझ्या नवऱ्याला विचारून कळव.’ नवऱ्याला कशाला? मलाच विचार की. मी इतकी वर्षं नोएडात सीएनजीची गाडी चालवते आहे. एका इंजिनाला दोन इंधनं कशी पाजतात, हे माझ्याइतकं घरात कुणालाच ठाऊक नाही.

तुला काकांची चेतक आठवते ना? सीटखाली हात घालून तो नळ रिझर्व्हला फिरवायचा. तिथे टाकी एकच, आत नळ्या दोन: एक उंच, एक बुटकी. पेट्रोल उंच नळीच्या तोंडाखाली गेलं की गाडी आचके देणार, मग नळ फिरवून बुटकीतून उरलंसुरलं ओढायचं. काका मात्र नळ कायम रिझर्व्हलाच ठेवायचे, आणि मग आपण दोघी लक्ष्मी रोडवरून स्कूटर ढकलत यायचो. काका शांतपणे पुढे, हातात भाजीची पिशवी!

तुझ्या गाडीत खरोखरच दोन टाक्या आहेत, आणि तुला सांगते, खटका पेट्रोलला हात लावत नाही, तो फक्त वीज पाठवतो. खरं काम गाडीच्या पोटाखाली होतं. जुन्या पिकअपमध्ये याच्या दोन तऱ्हा असत. एकीत चासीला बसवलेली झडप असते आणि तिला फिरवणारी छोटी मोटर. दुसरीत दोन्ही टाक्यांमध्ये आपापला पंप असतो आणि खटका ठरवतो वीज कुणाला द्यायची ते. टाकीतली पातळी सांगणारी तारही तोच बदलतो, म्हणून एकाच काट्यावर तुला दोन्ही टाक्या दिसतात.

आता गंमत ऐक. इंजेक्शनच्या इंजिनात पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवतो आणि उरलेलं परत टाकीत येतं. म्हणून त्या झडपेला सहा तोंडं: दोन टाक्यांकडून येणारी दोन, इंजिनाकडे जाणारं एक, इंजिनाकडून परत येणारं एक आणि दोन टाक्यांकडे परत जाणारी दोन. पेट्रोल मागच्या टाकीतून निघालं तर उरलेलं मागच्याच टाकीत परतलं पाहिजे. झडप अर्धवट अडकली किंवा जीर्ण झाली, तर मागचं पेट्रोल हळूहळू पुढच्या टाकीत जमतं आणि ती भरून रस्त्यावर सांडू लागते. हे मात्र हसण्यावारी नेऊ नकोस गं. काटा खटक्याबरोबर झटकन बदलतो, म्हणून झडपही बदलली असेल, असं धरून चालायचं नाही.

आमच्याकडे पेट्रोल-गॅसचा असाच खटका घरोघरी आला तो धुरामुळे. 28 जुलै 1998 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या सगळ्या बसगाड्या सीएनजीवर आणायला सांगितलं, मुदत 31 मार्च 2001. ती मुदत हुकली, पंपांवर रिक्षांच्या रांगाच रांगा लागल्या, आणि 2002 संपेपर्यंत शहरातल्या डिझेल बस गेल्या. बसला मात्र एकच इंधन. खटका आला तो आमच्यासारख्यांच्या मोटारींना. तेव्हाच्या कार्बोरेटरच्या मारुतीत त्याला तीन जागा असत: पेट्रोल, गॅस आणि मधली रिकामी. पेट्रोलवरून गॅसवर जाताना आधी मधल्या जागी थांबायचं, कार्बोरेटरच्या वाटीतलं उरलेलं पेट्रोल जळू द्यायचं, आणि इंजिन आचका देणार तेवढ्यात गॅसवर टाकायचं. भर आयटीओच्या चौकात हे जमवणारे टॅक्सीवाले मी पाहिलेत. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

आताची गॅसची किट शहाणी. गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिनाचं पाणी तापलं की आपोआप गॅसवर जाते. त्याला कारण आहे. सिलिंडरात गॅस दोनशे बार दाबाने कोंबलेला असतो. दाब उतरवताना तो इतका थंड होतो की दाब उतरवणारा रिड्यूसर गोठू शकतो, म्हणून इंजिनाचं गरम पाणी त्याच्याभोवती फिरवतात. जानेवारीच्या धुक्यात हे सगळं तापायला वेळ लागतो. मी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडून पहिल्या सिग्नलपर्यंत पोचते, तेव्हा कुठे ‘टक्’ आवाज होऊन हिरवा दिवा लागतो. आणि मला उगाचच बरं वाटतं.

परवा गणपतीत पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवनात गेलो होतो. मामी आल्या होत्या ना, नागपूरहून. परतताना गॅस भरायला थांबलो, तर नियमाप्रमाणे सगळ्यांना खाली उतरावं लागलं. मामी पैठणीत, हातात मोदकांचा डबा, आणि त्या पंपावरच्या पोराला विचारताहेत, ‘बाबा, माझ्या वजनाने गॅस कमी बसतो का?’ त्याला मराठी येत नाही. तो गंभीरपणे म्हणाला, ‘हां माताजी.’ मामी घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत!

तू येशील तेव्हा मात्र त्या तुझ्या अवाढव्य लाल बॅगा आणू नकोस. आमच्या डिकीत सिलिंडर झोपलाय. मागच्या खेपेला विमानतळापासून नोएडापर्यंत तू बॅग मांडीवर घेऊन बसली होतीस, आणि तरी बोलणं थांबलं नव्हतं. ते मला हवंय, बॅग नको.

एक मनापासून सांगते. दोन टाक्यांची गाडी बिघडते ती बहुधा न वापरलेल्या बाजूने. इथे लोक स्वस्त गॅसच्या लोभाने पेट्रोलची टाकी कोरडी ठेवतात. बऱ्याच किटमध्ये गॅसवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरतच राहतो, आणि त्याला थंड ठेवायला भोवती पेट्रोल लागतं. टाकी कोरडी, की पंप जळालाच. तुझ्या गाडीत वर्षानुवर्षं पडून राहिलेलं पेट्रोल शिळं होतं, त्याचा चिकट थर बसतो, आणि न हलवलेली झडप तिथेच धरून बसते. म्हणून आलटूनपालटून दोन्ही टाक्या वापरत जा. माझा मिस्त्री हेच सांगतो, आणि त्याचं मी ऐकते.

तेव्हा या रविवारी एवढं कर. पुढची टाकी अर्धी असताना खटका मागच्या टाकीवर टाक आणि पन्नासएक मैल चालव. मग सपाट जागी थांबून खटका पुन्हा पुढच्यावर आण आणि काटा बघ. तो होता तिथेच असेल तर झडप ठीक. वर सरकला असेल, तर गाडी गॅरेजला टाक आणि त्याच दिवशी मला फोन कर.

तुझीच