कोण बोलतंय, कुणाला ऐकू जातंय

भाचीच्या अकरावीच्या वहीत 'निवेदक : कथा सांगणारा' एवढंच लिहिलेलं, आणि खाली रेघ. मग पुस्तकं काढून तिच्यासोबत बसले. ही टिपणं त्या दोन-चार संध्याकाळींची.

*

निवेदक म्हणजे लेखक नव्हे, हे आधी पक्कं करावं. 'पण लक्षात कोण घेतो?' हरिभाऊ आपट्यांनी लिहिली, १८९०पासून 'करमणूक'मधून ती क्रमशः आली. पण सांगते यमू. विधवा झालेल्या यमूच्या वपनाची हकिगत हरिभाऊंनी स्वतःच्या आवाजात लिहिली असती तर सुधारणेवरचा एक कळकळीचा लेख झाला असता. यमूच्या 'मी'मुळे ती शेजारच्या खोलीतून ऐकू येते.

*

'बनगरवाडी'तला (१९५५) 'मी' हा धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण मास्तर. बाहेरचा माणूस. म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या मनात काय आहे ते त्याला दिसत नाही, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. चेहरा, बोलणं, वागणं तेवढं दिसतं. व्यंकटेश माडगूळकरांनी मनात शिरायचं टाळलं, म्हणूनच कारभारी एवढा मोठा वाटतो, असं माझं मत.

*

तृतीयपुरुषी कथेसाठी भाचीला एक काम दिलं. 'त्याला वाटलं', 'तिच्या मनात आलं' अशा जागांवर पेन्सिलीने खुणा कर. एकाच पात्राच्या वाट्याला आल्या तर निवेदक त्याच्या खांद्याशी उभा आहे. सगळ्यांच्या वाट्याला आल्या तर सर्वसाक्षी.

*

कादंबरी हे बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. हिंदीने 'उपन्यास' घेतला. आपण एका मुलीचं नाव अख्ख्या वाङ्मयप्रकाराला दिलं. मला हे फार आवडतं.

*

मोठा अभंग : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात जुळतं. चौथा आखूड, तिथे श्वास सुटतो. हे बोटांवर मोजून नव्हे, टाळी धरून समजतं.

*

अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं, ती नाममुद्रा. पाठ करताना आपण ती सवयीने म्हणून टाकतो. थांबून वाचावी. जनाबाई स्वतःला 'नामयाची जनी' म्हणते. सोयराबाई तर स्वतःचं नावही घेत नाही; 'चोख्याची महारी' अशी तिची मुद्रा. नवरा आणि जात, एवढीच ओळख जगाने दिली, आणि तीच ओळख पुढे करून ती थेट विठ्ठलाशी बोलते. या दोन शब्दांवर एक अख्खा तास द्यायला हवा.

गझलेत कवीचं टोपणनाव ज्या शेवटच्या शेरात येतं, तो मक्ता.

जात्यावरच्या ओवीला मात्र अशी मुद्रा नसते. कुणाशी बोलणं चाललंय ते कळतं : भावाशी, विठ्ठलाशी, कधी खुद्द जात्याशी. दळणारी कोण, ते घरातल्यांनाच ठाऊक.

*

उत्प्रेक्षेच्या खुणा म्हणून पाठ करून घेतात : जणू, गमे, वाटे, भासे, की. पण कुणाला भासे? 'जणू' आला की ओळीत एक पाहणारा हजर होतो. रूपकात तो बाजूला होतो आणि दोन वस्तू एकच होऊन जातात.

*

नाटकात ऐकणं वाटून दिलेलं असतं. स्वगत प्रेक्षकांनी ऐकायचं, रंगमंचावरच्या इतरांनी नाही. जनान्तिकात दोन पात्रं बाकीच्यांना वगळून बोलतात. जुन्या संकेतात त्यासाठी अनामिका दुमडून हाताची त्रिपताका आडवी धरायची. बोटाच्या एका वळणाने भिंत उभी राहते!

आकाशभाषित म्हणजे समोर नसलेल्या माणसाशी बोलणं : 'काय म्हणतोस?' असं विचारून त्याचं उत्तर आपणच उच्चारायचं. भाचीला ही संज्ञा अवघड वाटली. नाटकात फोनवर बोलणारं पात्र आठव म्हटलं, लगेच पटलं.

*

'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७). नाटकातल्या खोट्या खटल्यात आरोपी ठरलेल्या बेणारेबाईंना शेवटाकडे बोलायला वेळ दिला जातो आणि बाकी सगळे जागच्या जागी थिजतात. ती बोलत राहते. वहीतल्या व्याख्येप्रमाणे हे स्वगत. पण ते म्हणायला तिला कोर्टानेच सांगितलेलं आहे, आणि कोर्टातल्या एकालाही ते ऐकू जात नाही. आम्ही ते पान दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा भाचीने मोठ्याने.