स्कॉटलंडमधला ‘हिमालय’ आणि ‘नरक’

बालमित्रांनो, हिमालय कुठं आहे असं विचारलं, तर तुम्ही एका दमात सांगाल, “भारताच्या उत्तरेला!” पण आणखी एक ‘हिमालय’ स्कॉटलंडमध्ये आहे, बरं का! तिथं बर्फ नाही, दोरखंड नकोत. हवी फक्त एक काठी आणि छोटा पांढरा चेंडू.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचं छोटंसं गाव आहे. इथलं विद्यापीठ १४१३ सालचं. पण गाव जगभर ओळखलं जातं ते गोल्फमुळे. स्कॉटलंडला या खेळाचं वेड जुनंच. १४५७ साली तिथल्या राजानं गोल्फवर बंदी घातली होती. का? तर लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडूमागे लागले होते!

गावाला लागूनच ‘ओल्ड कोर्स’ हे प्रसिद्ध मैदान आहे आणि त्याच्या शेजारी आपला ‘हिमालय’. ही उंचसखल हिरवळ १८६७ साली सुरू झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबची. पटिंग म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळत नेऊन खळग्यात टाकणं. ठरावीक वेळी थोडे पैसे भरून मुलांनाही इथं खेळता येतं.

गोट्या खेळणाऱ्याला पटिंग लवकर समजेल. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, घट्ट आवळायची नाही. मनगट न मोडता खांद्यापासून दोन्ही हात घड्याळाच्या लंबकासारखे हलवायचे. चेंडू गेला तरी डोकं लगेच वर करायचं नाही. आणि गल लांब असेल, तर एकाच फटक्यात आत टाकायचा हट्ट धरायचा नाही. चेंडू जवळ नेऊन ठेवायचा.

आता चला ओल्ड कोर्सवर. १७६४ साली इथं २२ ऐवजी १८ होलांची फेरी ठरली आणि पुढे तीच पद्धत जगभर गेली. इथली एक गंमत पाहा. सात हिरवळींवर दोन-दोन होल आहेत, आणि प्रत्येक जोडीची बेरीज १८ येते! दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा... उरलेल्या जोड्या तुम्हीच शोधा.

इथं सर्वांत खट्याळ आहे तो समुद्रावरचा वारा. तो समोरून आला की नवखा खेळाडू जास्त जोर लावतो. मग चेंडू उंच उडतो आणि वारा त्याला आणखीच अडवतो. जाणता खेळाडू लांब पल्ल्याचा क्लब घेतो आणि सावकाश मारतो.

दुसरी अडचण म्हणजे बंकर, वाळूचे खड्डे. इथं ते ११२ आहेत! चौदाव्या होलवरच्या एका भल्यामोठ्या बंकरचं नावच ‘हेल’, म्हणजे नरक. जॅक निकलसनं १९७० आणि १९७८ साली याच मैदानावर ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकली होती. पण १९९५ साली याच नरकातून बाहेर पडायला त्याला चार फटके लागले. त्या एका होलवर एकूण दहा! तरी त्यानं फेरी मात्र पूर्ण केली.

बंकरमधून सुटायचं कसं? चेंडूच्या दोन बोटं मागं वाळूत क्लब घालायचा. उडणारी वाळूच चेंडूला बाहेर काढते. समोरची भिंत फार उंच असेल, तर आडवा, नाहीतर चक्क मागे मारायचा. मागे मारण्यात कसली आली लाज?

पण सगळ्यांत अवघड बंकर आपल्या डोक्यात असतो. १९२१ साली अमेरिकेचा बॉबी जोन्स इथं ब्रिटिश ओपन खेळायला आला. वय अवघं १९. तिसऱ्या फेरीत काही केल्या त्याचा खेळ जमेना. अकराव्या होलवर चेंडू बंकरमध्ये अडकला, राग अनावर झाला आणि त्यानं स्पर्धाच सोडली. पुढे त्याला या वागण्याची फार खंत वाटली.

तो १९२७ साली पुन्हा इथं आला आणि तीच स्पर्धा सहा फटक्यांनी जिंकला! १९३० साली इथंच ब्रिटनची हौशी खेळाडूंची स्पर्धाही त्यानं जिंकली. पैशासाठी तो कधी स्पर्धा खेळला नाही. पेशानं तो वकील होता. १९५८ साली गावानं त्याला सन्माननीय नागरिक केलं.

मुलांनो, गणिताच्या पेपरात पहिलंच उदाहरण चुकलं, की पुढची येणारी उदाहरणंही चुकतात, नाही का? गोल्फमध्येही तसंच होतं. झालेला फटका परत घेता येत नाही. म्हणून चांगले खेळाडू प्रत्येक फटक्याआधी एकच क्रम पाळतात: लक्ष्य बघायचं, श्वास सोडायचा, मग मारायचं. मागचा फटका कसाही गेलेला असो!

घरी करून बघा. पेला आडवा ठेवा, सात-आठ पावलांवरून काठीनं चेंडू दहा वेळा ढकला. किती आत गेले ते मोजाच. पण चुकल्यावरही किती वेळा तोच क्रम पाळला, तेही मोजा.

आणि हो, बॉबीनं स्पर्धा सोडली ती अकराव्या होलवर. त्याच्या अलीकडचा, दहावा होल आज त्याच्याच नावानं ओळखला जातो.