रंध्याचे दोष, रंध्याची किंमत

चार नंबरचा लोखंडी रंधा आज तीन भावांत मिळतो. भारतीय बनावटीचा नवा रंधा हार्डवेअरच्या दुकानात साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास पडतो. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नशिबाने हाती लागणारा जुना स्टॅन्ले किंवा रेकॉर्ड कधी त्याहून स्वस्त असतो, आणि विकणारा जाणता असेल तर बराच महागही. अमेरिकेतल्या लाय-नील्सनच्या रंध्याची मूळ किंमतच साडेतीनशे डॉलरच्या पुढे जाते. वर वाहतूक आणि जकात वेगळी. तिघांची लांबी साधारण ९ इंच, पात्याची रुंदी २ इंच, आणि पाते तळाशी ४५ अंशांत बसवलेले. एकाच आराखड्याच्या वस्तूंत पंधरा-वीसपट फरक पडतो, तेव्हा तो फरक लाकडाला कळतो का, असा प्रश्न हौशी आणि धंदेवाईक दोघेही विचारतात. माझ्या मते लाकडाला दोनच गोष्टी कळतात : पात्याला धार किती आहे आणि रंध्याने ते पाते किती घट्ट धरले आहे. म्हणून किंमत समजून घ्यायची तर आधी रंध्याचे दोष दोन जातींत वाटून घ्यावेत. काही दोष हाताने काढता येतात, काही येत नाहीत. महाग रंधा घेणारा मुख्यतः पहिल्या जातीच्या दोषांपासून सुटका विकत घेतो. स्वस्त रंधा घेणारा दुसऱ्या जातीच्या दोषांचा धोका पत्करतो. जुना रंधा घेणाऱ्याला तो धोका निदान डोळ्यांनी तपासून घेता येतो.

या तिघांचे कूळ एकच आहे, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. बॉस्टनच्या लिओनार्ड बेलीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लोखंडी रंध्याची रचना बसवली. १८६९ मध्ये कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटन गावच्या स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीने त्याची पेटंटे घेतली आणि एक ते आठ नंबरांची मालिका बाजारात आणली. त्याआधी रंधा म्हणजे लाकडी ठोकळा, पाते आणि पाचर. पाते खाली-वर करायचे तर हातोडीच्या टिचक्या मारायच्या. बेलीच्या रंध्यात हेच काम पितळी चाक फिरवून होऊ लागले. कापाचा दर्जा त्यामुळे वाढला असे नाही. पाते बसवायला लागणारा वेळ वाचला, आणि टिचकीचा अंदाज मुरायला जी वर्षे लागत ती वाचली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टॅन्लेनेच ‘बेडरॉक’ नावाची महाग मालिका काढली. तिच्यात पाते ज्या तिरक्या आसनावर टेकते तो फ्रॉग आपल्या सबंध पृष्ठभागाने खालच्या ओतीव लोखंडावर बसे. शेफील्डच्या रेकॉर्डने १९३१ पासून बेलीच्याच वळणाचे रंधे बनवले. १९८१ मध्ये टॉमस लाय-नील्सन यांनी मेन राज्यात कारखाना सुरू केला. आज त्यांचे जे बाकावरचे रंधे नावाजले जातात ते बेडरॉकच्या वळणाचे आहेत. आपल्याकडे बनणारे रंधेही बेलीच्याच नकाशावरचे. नकाशा एकच असल्यावर फरक उरतो तो ओतकामात, यंत्रकामात, पोलादात आणि जुळणीत.

आता दोषांकडे वळू. हाताने जाणाऱ्या दोषांत तळाचा थोडा बाक, तोंडाच्या कडेवरचा कंगोरा, पात्याची खडबडीत पाठ, पात्याच्या पाठीवर बसणारी, पण त्यावर नीट न टेकणारी लोखंडी पट्टी, म्हणजे कॅप आयर्न, आणि मुठीचा ओबडधोबडपणा हे येतात. यातल्या तळाविषयी भीती फार आणि माहिती कमी असते. सगळा तळ एका पातळीत असण्याची गरज नसते. पुढचे टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचे टोक या तीन जागा एका पातळीत आल्या की काम भागते. मधला भाग किंचित खोलगट राहिला तरी चालतो. तोंडापुढची पट्टी मात्र खोल असता कामा नये. बारीक ढलपी मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांइतकी पातळ असते. तेवढीच फट त्या पट्टीखाली राहिली तर लाकूड दाबले जात नाही आणि पाते एकदा उडते, एकदा रुतते. यावरचा उपाय घरगुती आहे. जाड काचेवर एमरी पेपर चिकटवून त्यावर तळ घासायचा. घासताना पाते आत ओढून ठेवायचे, पण पाते दाबून धरणारी लिव्हर कॅप नेहमीच्या ताणाने आवळलेलीच ठेवायची, कारण त्या ताणानेही तळ किंचित वाकतो. चार नंबरच्या रंध्याला हे काम एका दुपारचे आहे. दुसऱ्या जातीचे दोष वेगळे. ओतकामातला ताण पुरेसा निवण्याआधीच यंत्रावर घासलेले लोखंड नंतर वळत राहते. फ्रॉगची बैठक वाकडी कापलेली असली तर पाते तोंडात कायम तिरके येते, आणि बाजूचा दांडा पूर्ण सरकवूनही सरळ होत नाही. पात्याला पाणी नीट दिलेले नसले तर धार दगडावर येते आणि फळीवर जाते. हे घरच्या दगडाने आणि कानशीने सुधारत नाही. सुधारायला गेले तर रंध्याच्या किमतीहून अधिक खर्च होतो.

या चाळणीतून तिन्ही वर्ग पाहिले तर चित्र स्पष्ट होते. लाय-नील्सन आपला तळ इंचाच्या दीड हजारांशात, म्हणजे सुमारे ०.०४ मिलिमीटरच्या आत सपाट असल्याची हमी देते. त्यांचे ओतीव लोखंड लवचीक जातीचे असते, पडले तरी सहसा तडकत नाही, आणि पाते सुमारे ३ मिलिमीटर जाड असते. जुन्या स्टॅन्लेचे पाते २ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे इथे पहिल्या जातीचे दोष कारखान्यानेच काढलेले असतात आणि दुसऱ्या जातीचे बहुधा नसतात. स्वस्त रंध्याच्या कारखान्यात ओतकाम आणि ढोबळ यंत्रकाम होते. शेवटचा हात फिरवण्याचे काम ग्राहकावर सोडलेले असते. स्वस्ताई तिथूनच येते, आणि माझ्या मते तो रास्त सौदा आहे. अडचण एवढीच, की एकाच खोक्यातले दोन रंधे सारखे निघतील याची खात्री नसते. म्हणून दुकानातच गुण्या आणि सरळ पट्टी लावून, पाते तोंडात सरळ येते का ते पाहून रंधा निवडावा. जुन्या रंध्याची मोठी जमेची बाजू त्याचे वय. त्याचे लोखंड जेवढे वळायचे तेवढे वळून झालेले असते. तोंडाजवळची तडक, डागडुजी केलेली बाजू, झिजून आखूड झालेले पाते हे सगळे समोर दिसते. मात्र त्याच्या पेचांचे आटे आजच्या बाजारातल्या पेचांशी जुळत नाहीत, म्हणून हरवलेला पेच ही किरकोळ उणीव समजू नये. संग्राहकांमुळे चढलेला भावही कामाशी जोडू नये. १९१० ते १९१८ या काळातल्या स्टॅन्लेला जाणकार ‘टाइप ११’ म्हणतात आणि त्याची कीर्ती योग्य आहे. पण सुबक एक नंबरच्या रंध्याला जी किंमत येते ती दुर्मिळपणाची. एवढ्याशा रंध्याने टेबलाची फळी साफ होत नाही.

शेवटचा हात ग्राहकाने फिरवला तर स्वस्त रंधा खरोखर महागाच्या बरोबरीला येतो का? याला दोन भक्कम पुरावे आहेत, आणि दोन्ही जपानमधून येतात. रंध्याची खरी परीक्षा उलट्या रेषेत होते, जिथे लाकूड उचकटते. ते टाळायला तोंड अगदी अरुंद हवे आणि त्यासाठी काटेकोर, म्हणजे महाग रंधा हवा, असे बराच काळ मानले जाई. यामागाता विद्यापीठातल्या कातो आणि कावाई या प्राध्यापकांनी काप घेतानाचे सूक्ष्म चित्रण करून दाखवले, की पात्याच्या पाठीवरची कॅप आयर्न धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आणली आणि तिच्या ओठाला उभा कोन दिला, तर ढलपी पुढे ढकलली जाते, वाकते आणि लाकूड उचकटायच्या आत कापले जाते. इंग्रजी वाचणाऱ्या हौशी सुतारांत हे चित्रण २०१२ च्या सुमारास पसरले. कॅप आयर्न अठराव्या शतकापासून वापरात आहे आणि दोन हजारांच्या रंध्यातही असते. तिचा ओठ दगडावर पाच मिनिटे घासून पात्याशी मिळवला की सगळ्यांत अवघड समजले जाणारे काम रंध्याच्या किमतीतून सुटते. दुसरा पुरावा जपानच्या ‘केझुरोकाई’ मेळाव्यांचा. तिथे स्पर्धक काही मायक्रॉन जाडीच्या अखंड ढलप्या काढतात, आणि त्यांच्या रंध्याचा ठोकळा ओकच्या लाकडाचा असतो. ते लाकूड हवेतल्या दमटपणाने रोज थोडे हलते, म्हणून कारागीर तळ वारंवार खरवडून जुळवत राहतो. इतका पातळ काप ज्या तळावर निघतो, तो कुठल्या कारखान्याच्या हमीने सपाट राहिलेला नसतो. वापरणाऱ्याने त्या दिवसापुरता सपाट केलेला असतो.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. माझी दुपार फुकट नाही. ती धरली तर स्वस्त रंधा स्वस्त उरतच नाही, असे म्हणता येते. अमेरिकेतल्या माणसाने हा हिशेब मांडला तर मी तो मान्य करीन. तिथे कुशल हाताच्या काही तासांची मजुरी दोन रंध्यांच्या किमतीतला बराचसा फरक खाऊन टाकते. महाराष्ट्रात तोच हिशेब उलटतो. आयात रंधा आणि देशी रंधा यांत पाव लाखाहून अधिक अंतर पडते, आणि आपल्याकडच्या सुताराची एका दुपारची मजुरी त्या अंतराच्या पासंगालाही पुरत नाही. परदेशी मासिकांतला सल्ला तिथल्या मजुरीवर उभा असतो. तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या लाकडाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. सागात सिलिका असते, ती धार खाते. बाभूळ आणि शिसव कठीण आहेत. मऊ पाइनवर चालणारे पाते इथे लवकर बोथट होते, तेव्हा उत्तम पोलादाचा महाग रंधाच इथे जास्त हवा, असे म्हणता येते. पोलादाबद्दलचे म्हणणे मला पटते, रंध्याबद्दलचे पटत नाही. पाते हा सुटा भाग आहे. तो बदलायला आख्खा रंधा बदलावा लागत नाही, आणि चांगल्या पात्याची किंमत रंध्याच्या किमतीचा लहानसा वाटा असते. जाड पाते घालताना मात्र दोन गोष्टी पाहाव्यात. ते तोंडातून उतरते का, आणि खालीवर करणाऱ्या दांड्याचे टोक कॅप आयर्नच्या खाचेपर्यंत पोचते का. फ्रॉग थोडा मागे घेऊनही तोंड पुरत नसेल तर कानशीने ते किंचित वाढवावे लागते, आणि कानस लागली की परतीचा रस्ता नसतो. शिवाय सागावर उत्तम पोलादही काही तासांनी दगड मागतेच. म्हणजे अखेर जो पटकन आणि नीट धार लावतो त्याचाच रंधा चालतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. नवशिक्याला चांगला चालणारा रंधा कसा लागतो हेच माहीत नसते. रंधा अडला की दोष हाताचा, धारेचा की लोखंडाचा, हे त्याला ओळखता येत नाही. महाग रंधा निदान लोखंडाची शंका मिटवतो. हे खरे, पण ही शंका एकदाच मिटावी लागते. जुळवलेला एक रंधा शिकवणाऱ्याच्या बाकावर असला तर वीस विद्यार्थ्यांची शंका फिटते. आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गांनी आणि हौशी लोकांच्या सामायिक कार्यशाळांनी असा एक रंधा ठेवावा आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा रंधा त्याच्याशी पडताळून घ्यावा, हे मला खरेदीपेक्षा मोलाचे वाटते. एकट्याने शिकणाऱ्याची अडचण मात्र उरते. त्याने महाग रंधा घेतला तर मी त्याला उधळ्या म्हणणार नाही. फक्त त्याने हे ध्यानात ठेवावे, की कारखान्याची धार पहिल्या सागाच्या फळीपर्यंतच टिकते, आणि पुढे त्याला तेच शिकावे लागते जे स्वस्त रंध्याने पहिल्याच दिवशी शिकवले असते.

हेच माप सगळ्या रंध्यांना लावले तर काही ठिकाणी महाग रंधा निःसंशय योग्य ठरतो, कारण तिथे हाताने जाणारा दोष हाताबाहेर जातो. फळ्यांच्या कडा जोडण्यासाठी सरळ करणारा सात नंबरचा रंधा २२ इंच लांब असतो. एवढा तळ काचेवर घासताना टोके गोल होतात, आणि चुकीचे घासणे न घासण्यापेक्षा वाईट ठरते. सालाच्या खांद्याशी फिरणाऱ्या शोल्डर रंध्याच्या बाजू तळाशी अचूक काटकोनात हव्यात. तो काटकोन हाताने आणणे कसबी फिटरलाही जड जाते. कमी कोनाच्या लहान ब्लॉक रंध्याला बहुधा कॅप आयर्न नसते, म्हणून तिथे अरुंद आणि चोख तोंडावरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून माझा क्रम असा : आधी दोन चांगले दगड, मग दुकानात पारखून घेतलेला किंवा तपासून विकत घेतलेला जुना चार वा पाच नंबरचा रंधा, त्यानंतर गरज पडल्यास चांगले पाते. साठवलेले पैसे सात नंबरवर किंवा शोल्डर रंध्यावर खर्चावेत, तेही त्या कामाची खरी गरज पडेल तेव्हाच. आपल्या हाताला जे करता येते त्याचे पैसे दुसऱ्याला देऊ नयेत. जे हाताला करता येत नाही तिथे घासाघीस करू नये.